तुम्ही विचारलंत म्हणून: लॉकडाऊनमध्ये कादंबरी का झाली नाही

“लॉकडाऊनमध्ये तर भरपूर लिहून टाकलं असेल नं? वेळच वेळ होता!” नागपुरात सक्करदरा असो की धरमपेठ, तिसऱ्या वाक्याला हे येतंच. आजवर “मन लागत नव्हतं” असं सांगून सुटत आलो. ते खोटं नव्हतं. पण गाडी अडली होती एका तारखेवर.

नवव्या प्रकरणात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मुहूर्त अक्षय तृतीयेचा, २६ एप्रिल २०२०. फेब्रुवारीतच लिहून ठेवलेलं. पंगतीत तीनशे पानं उठतात, आणि त्या गर्दीत बापाचं जिच्याशी जमलंय ती बाई येऊन, जेवून, निघून जाते. थोरलीखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही. २५ मार्चला देश बंद झाला नि माझं मंगल कार्यालयही.

“मग २०१९ मध्ये न्या की!” हा सल्ला फुकट मिळतो. नेऊन पाहिलं. त्या वर्षी अक्षय तृतीया ७ मे, मंगळवार. आता चौथं प्रकरण पाहा: थोरलीला बाप त्या बाईसोबत पहिल्यांदा दिसतो तो मेट्रोत. लोकमान्यनगर–सीताबर्डी मेट्रो सुरू झाली २८ जानेवारी २०२० ला. म्हणजे २०१९ मध्ये त्या मार्गावर गाडीच नाही. ‘आपली बस’मध्ये, म्हणजे शहर बसमध्ये, बसवलं तर बाप चार सीटवर, नजरानजर होणारच. मला हवा होता डब्याच्या पार दुसऱ्या टोकाचा बाप, मध्ये उभी माणसं, खिडकीत अंबाझरीचं पाणी. शिवाय नागपूरचं लोकसभेचं मतदान ११ एप्रिलला झालेलं, निकाल २३ मेला. मधल्या त्या दिवसांत पंगतीत सीटांचे अंदाज निघाले नाहीत तर ते नागपूरचं लग्न कसलं? काकाचे सगळे संवाद बदला. एक तारीख हलवली की अशा खुंट्या निघत जातात. मोजल्या तेव्हा एकोणीस निघाल्या.

बरं, पुढे ढकलू. २०२१ ची अक्षय तृतीया १४ मे. तेव्हा नियम होता पंचवीस माणसं, दोन तास. पंचवीस माणसांत ती बाई कुठे बसवू?

उरला तिसरा मार्ग: तारीख तीच ठेवायची, लग्न मोडू द्यायचं, बापाला घरात कोंडायचं. दोन खोल्या, एक मोबाइल, आणि तो गच्चीवर का जातो हे सगळ्यांना कळतंय. लेखक म्हणून सांगतो, हेच सगळ्यांत चांगलं होतं. आणि हेच मी टाळलं. तेव्हा मी ठणकावून म्हणत असे, लोक मरताहेत नि आपण प्लॉट बांधायचा, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये घाटांवर माणसं ताटकळत उभी होती, तेव्हा तर हे वाक्य फारच शोभलं. आज त्या शहाण्याला विचारावंसं वाटतं: बाबा रे, तत्त्व होतं की भीती? तो म्हणेल तत्त्व. आणि मला तो पूर्ण खोटाही वाटत नाही.

वाचनाचं म्हणाल तर नवं काही आत शिरत नव्हतं. ग्रंथालयं उघडायला ऑक्टोबर उजाडला. तोवर घरातल्या जुन्या रहस्यकथा पुन्हा वाचल्या. खुनी आधीच ठाऊक असला की मध्ये वीस पानं लक्ष उडालं तरी बिघडत नाही.

स्वयंपाकाला मात्र लक्ष लागतं, आणि ते लागत होतं. भाजी नसेल त्या दिवशी गोळाभात, म्हणजे भातातच शिजवलेले डाळीच्या भरड्याचे गोळे. चक्कीवर जायचं नाही म्हणून चणाडाळ कोरडीच किंचित भाजून मिक्सरला थांबत थांबत फिरवायची. पीठ झालं की गोळे गच्च, फार जाड राहिली तर ते भातात विरतात. रव्याहून थोडी मोठी कणी हवी. वाटीभर तांदळाला पाऊण वाटी भरडा, दोन मोठे चमचे तेलाचं मोहन, हळद, तिखट, मीठ, हिंग, नि पाणी मूठ वळण्यापुरतंच. भाताला पाणी एरवीपेक्षा अर्धी वाटी जास्त, कारण डाळ ते पिते. गोळे टाकायचे भात अर्धा शिजल्यावर, वर पाणी दिसत असतानाच. मग झाकण, मंद आच, आणि डाव घालायचा नाही. वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल.

हे सगळं एवढ्या बारकाईने जमत होतं, मग लिहिणं का नाही, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. गोळाभाताला तारीख लागत नाही, इतकंच सुचतं. फाइलमध्ये नवव्या प्रकरणाच्या तारखेवर अजून फुल्या आहेत. आदल्या रात्रीच्या स्वयंपाकात आत्याबाई तांदळाबरोबरच गोळे टाकत होती, तेवढं दुरुस्त केलंय.