नावं तीच, माणसं वेगळी: परीक्षेआधीची रोजनिशी

सोमवार

एपी यूएस हिस्टरीची, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांनी द्यायची कॉलेजच्या दर्जाची अमेरिकन इतिहासाची, परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात असते. एप्रिल सरत आला की मुलं राष्ट्राध्यक्षांची यादी घेऊन बसतात: वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. भारतात शिकलेल्या आईवडिलांना ते बरंच वाटतं, कारण सनावळ्या घोकूनच त्यांनी इतिहासात मार्क मिळवलेले असतात. पण या पेपरात नुसतं 'अमुक केव्हा घडलं' असं कुणी विचारत नाही. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न असतात, तेही तीन-चारच्या जुडग्यांनी. वर एखादा उतारा, व्यंगचित्र किंवा नकाशा आणि खाली त्यावरचे प्रश्न. उताऱ्यातला माणूस कुणाच्या बाजूने बोलतोय हेच कळलं नाही तर पाठ केलेली यादी कामाला येत नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

उजळणीचा वेळ कुठे घालवायचा हे गुणांच्या वाटणीवरून ठरवावं. अभ्यासक्रमाचे नऊ कालखंड आहेत. पहिला (१४९१ ते १६०७) आणि शेवटचा (१९८० नंतरचा) यांना प्रत्येकी ४ ते ६ टक्के. दुसऱ्याला ६ ते ८. मधल्या सहांना, म्हणजे १७५४ ते १९८० ला, प्रत्येकी १० ते १७. कागदपत्रांवर आधारलेला मोठा निबंध, मुलांच्या भाषेत डीबीक्यू, तोही याच मधल्या काळातून येतो. तरी दरवर्षी कोलंबसापासून सुरुवात होते आणि न्यू डीलपर्यंत, म्हणजे १९३० च्या दशकातल्या फ्रँकलिन रूझवेल्टच्या मंदीवरच्या उपायांपर्यंत, पोचेस्तोवर दम संपलेला असतो. सुरुवात १७५४ पासून करावी. कोलंबस शेवटच्या दोन दिवसांत उरकतो.

मंगळवार

राजकीय इतिहासाची उजळणी राष्ट्राध्यक्षांच्या क्रमाने न करता निवडणुकांच्या क्रमाने करावी. सगळ्या निवडणुका लागत नाहीत. १८००, १८२८, १८६०, १८९६, १९३२, १९६८ आणि १९८० एवढ्यांवर बराच डोलारा उभा राहतो. प्रत्येकीला एक कागद आणि कागदावर चार रकाने: कोण कुणाविरुद्ध, भांडण कशावरून, कोणता मतदारगट कुठून कुठे गेला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यातून कोणता कायदा किंवा निकाल आला. पहिले दोन रकाने सगळे भरतात. तिसरा कोरा राहतो, आणि तिसराच महत्त्वाचा.

१८९६ चं घ्या. रिपब्लिकन मॅकिन्लेला २७१ इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांतून येणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं), ब्रायनला १७६. भांडण चलनाला आधार सोन्याचा की चांदीचाही, इथवर सगळ्यांना येतं. पण ब्रायनला डेमोक्रॅटांनी आणि पॉप्युलिस्टांनी (शेतकऱ्यांच्या चळवळीतून आलेला पक्ष) दोघांनीही उमेदवारी दिली होती, आणि त्या मिठीतच पॉप्युलिस्ट पक्ष गुदमरला, हे निम्म्यांना माहीत नसतं. शहरातला कामगार कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मागे का गेला नाही? चांदीच्या नाण्यांनी भाव वाढले असते. शेतकऱ्याला ते हवे होते, पगारावर जगणाऱ्याला नको होते. शिवाय जकातीच्या भिंतीमुळे आपली गिरणी चालते असं त्याला वाटत होतं. हे लिहिता आलं की तिसरा रकाना भरला. 'पक्ष हरला म्हणजे चळवळ फुकट गेली' असं मात्र कुणी लिहू नये. १८९२ मध्ये ओमाहाच्या अधिवेशनात पॉप्युलिस्टांनी चढत्या दराचा प्राप्तिकर आणि लोकांनी थेट निवडलेले सिनेटर मागितले होते. १९१३ मध्ये सोळाव्या आणि सतराव्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आणि थेट निवडणूक दोन्ही आलं.

बुधवार

सगळ्यात महागात पडणारं वाक्य: 'नंतर दोन्ही पक्षांनी (डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन) जागा बदलल्या.' ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण गुण मिळत नाहीत, कारण कधी, कुणी आणि कशामुळे यातलं त्यात काहीच नाही.

लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला कृष्णवर्णीय मतदार पिढ्यान्‌पिढ्या मत देत होते. ते मतदार १९३६ पर्यंत डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्टच्या युतीत आले, तेही त्या युतीत दक्षिणेतले वर्णभेदी डेमोक्रॅट बसलेले असताना. ही विसंगतीच पुढच्या तीस वर्षांचा विषय आहे. १९४८ मध्ये ट्रुमनच्या नागरी हक्कांच्या धोरणावर चिडून दक्षिणेतला डेमोक्रॅट थर्मंड वेगळा उभा राहिला आणि त्याने दक्षिणेतली ३९ इलेक्टोरल मतं नेली. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलेला रिपब्लिकन गोल्डवॉटर ४८६ विरुद्ध ५२ असा सपाटून हरला. पण त्याने जिंकलेली राज्यं बघावीत: स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. १९६८ मध्ये वेगळ्या पक्षातून उभ्या राहिलेल्या वर्णभेदवादी वॉलेसने ४६ मतं घेतली. म्हणजे दक्षिणेतला गोरा मतदार डेमोक्रॅटांचं घर सोडत होता, पण दुसऱ्या घरात लगेच गेला नाही. १९७६ मध्ये डेमोक्रॅट कार्टरने दक्षिणेतली बहुतेक राज्यं पुन्हा जिंकली. 'एका रात्रीत अदलाबदल' म्हणणाऱ्याला कार्टर आठवला की घाम फुटतो.

ही साखळी पाठ असलेला विद्यार्थी 'सातत्य आणि बदल' प्रकारच्या कुठल्याही प्रश्नावर उभा राहतो.

गुरुवार

गोंधळाच्या जोड्या. दोन अ‍ॅडम्स, दोन रूझवेल्ट, दोन जॉन्सन: अँड्र्यूवर १८६८ मध्ये महाभियोग चालला आणि तो एका मताने वाचला, लिंडनने १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. मन्रोचं धोरण (युरोपने अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये) १८२३ चं, त्याला थिओडोर रूझवेल्टने जोडलेली पुरवणी १९०४ ची. एवढं पुरे.

गुलामगिरीवरच्या तडजोडींना मात्र वेळ द्यावा. १८२० ला मिझुरी, १८५० ची तडजोड, १८५४ ला कॅन्सस-नेब्रास्का, १८५७ ला ड्रेड स्कॉट खटला. हे चार सुटे मुद्दे म्हणून पाठ केले की क्रम उलटसुलट होतो. प्रश्न एकच धरून ठेवावा: नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नाही, हे ठरवायचं कुणी? १८२० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नकाशावर रेघ मारून ठरवलं. १८५० मध्ये यूटा आणि न्यू मेक्सिकोपुरतं ते तिथल्या वस्तीवर सोडलं. १८५४ मध्ये जुनी रेघच पुसली, व्हिग पक्ष फुटला आणि रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, काँग्रेसला तो अधिकार नव्हताच. प्रत्येक पायरीला ठरवणारा बदलतो, आणि तडजोडीची जागा कमी होते. अशी साखळी लागली की सन आपोआप लक्षात राहतात.

पुनर्रचनेचा, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिण पुन्हा उभारण्याचा, काळही असाच. '१८७७ ला संपली' हे बरोबर, पण 'अचानक संपली' हे चूक. १८७२ ला रिपब्लिकनांतच फूट, १८७३ ला आर्थिक पडझड, १८७४ ला प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे. ज्या १८७६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन हेझ १८५ विरुद्ध १८४ ने आला, तिच्या वेळी दक्षिणेत मोजून तीन राज्यांत रिपब्लिकन सत्ता तग धरून होती. मराठी घरात १८७३ लक्षात राहायला एक सोपी खूण आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' त्याच वर्षी छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी स्लॉटरहाउस खटल्यात न्यायालयाने नागरिकत्वाचे हक्क देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ आवळला आणि लुइझियानात कोलफॅक्सला कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. पुण्यातून जे कौतुकाने पाहिलं जात होतं, ते तिथे उसवायला लागलं होतं.

शनिवार

डीबीक्यू. एक तास, त्यातली १५ मिनिटं वाचायला. सात कागद, सात गुण. प्रबंधविधानाला (निबंधाचा मुख्य दावा) एक, संदर्भाला (आजूबाजूचा काळ) एक, पुराव्याला तीन, विश्लेषणाला दोन. पुराव्यातले दोन कागदांचे: तीन कागदांतला आशय वापरला तर एक, चार कागद युक्तिवादाला जुंपले तर दोन. तिसरा गुण कागदांबाहेरच्या नेमक्या माहितीचा. चारच पुरतात म्हणून चारच वापरू नयेत. एखाद्याचा अर्थ चुकला तर हात रिकामे राहतात. सहा घ्यावेत.

बिघडतं ते नेहमी त्याच ठिकाणी. मुलं कागदांचा गोषवारा लिहितात, 'पहिल्या कागदात असं म्हटलंय, दुसऱ्यात तसं'. परिच्छेद कागदाच्या नावाने सुरू झाला तर तो बहुधा गोषवाराच असतो. मुद्द्याने सुरू करावा आणि कागद मागून आणावा. दुसरं दुखणं 'लेखक पक्षपाती आहे' हे वाक्य. सगळेच असतात. १८६६ मध्ये टेनेसीतला मळेवाला काँग्रेसला पत्र लिहितो, तर त्याला कशाची भीती आहे आणि ती त्याच्या मागणीत कशी दिसते, हे सांगितलं की गुण. असं किमान दोन कागदांबाबत करायचं असतं.

प्रबंधविधान 'पुनर्रचनेने खूप बदल झाले पण काही तसंच राहिलं' असं नसावं. 'कायद्यात नागरिकत्व आणि मताधिकार आले, पण जमीन न मिळाल्याने आणि केंद्राने हात काढल्याने ते दक्षिणेत टिकले नाहीत' असं असावं. यात बाजू आहे आणि कारण आहे.

छोट्या उत्तरांत उलटी चूक होते. ४० मिनिटांत तीन प्रश्न, प्रत्येकाचे अ, ब, क असे भाग. तिथे प्रस्तावना लागत नाही, तरी मुलं निबंध लिहीत बसतात. भागाला दोन-तीन वाक्यं आणि एक नेमकं नाव.

२०२५ पासून सगळं ब्लूबुक या परीक्षेच्या अ‍ॅपमध्ये टाइप करायचं असतं. निबंधाचा सराव वहीत करणाऱ्यांनी निदान दोन तरी कीबोर्डवर, घड्याळ लावून लिहावेत. शेवटच्या ४० मिनिटांत तीन दीर्घ निबंधांतला एक निवडायचा असतो. तिघांचा धागा एकच असतो, फक्त काळ वेगळा: १८०० पर्यंतचा, १८०० ते १८९८, आणि १८९० नंतरचा. निवडणुकांचे कागद नीट भरले असतील त्यांच्यासाठी मधला सहसा सोयीचा. दोन मिनिटांत तीन नेमके पुरावे लिहून काढता आले नाहीत तर तो सोडून दुसरा उघडावा.