आजीचा सफरचंदाचा सॉस, पुरणयंत्रातनं काढलेला

आमच्याकडं दवाखान्यात कुणाला बघायला जायचं म्हटलं की सफरचंदाची पिशवी न्यायची, हे ठरलेलं. आजोबा ऑपरेशन करून घरी आले तेव्हा अशी पाच-सहा किलो सफरचंदं जमली होती आणि त्यांना तर एक फोड चावेना. मग आजीनं कैरीच्या गुळांब्याच्या अंदाजानं ती शिजवली, पुरणयंत्रातनं काढली आणि वाटीतनं चमच्यानं भरवली. तेव्हापासनं घरात हे होतंय. आजी त्याला गुळांबाच म्हणायची, माझा लेक अ‍ॅपल सॉस म्हणतो.

काल कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईतनं किलोभर सफरचंदं आणली, आत्ता सप्टेंबरात हिमाचलचा माल भरपूर असतो. जरा मऊ पडलेली असली तरी चालतात, उलट लवकर शिजतात.

साल काढायची नाही! बिया आणि मधला कडक भाग तेवढा काढायचा. सालीतच पेक्टिन जास्त असतं, त्यानं सॉस दाट होतो, शिवाय लाल सालीचा हलका गुलाबी रंग उतरतो तो इतका सुंदर दिसतो की बास. फोडी, अर्धी वाटी पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, दोन लवंगा असं सगळं स्टीलच्या पातेल्यात घालून झाकण ठेवून बारीक गॅसवर वीसेक मिनिटं ठेवायचं. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, सफरचंद-लिंबू आंबट असतं ना.

आणि गूळ शेवटी. आजी दरवेळी बजावायची, "आधी गूळ घालू नगोस, फोडी आकसतात बघ." लग्नानंतर पहिल्यांदा केला तेव्हा मी सगळं एकदमच घातलं आणि तासभर ढवळत बसले तरी फोडी अख्ख्याच्या अख्ख्या, कारण गूळ फोडीतलं पाणी ओढून घेतो आणि त्या घट्ट होतात. मुरांब्याला तेच हवं असतं, इथं नको. म्हणून फोड डावानं दाबली की पसरली पाहिजे, मग लवंगा काढून गरम गरमच पुरणयंत्रात घालायचं, साल वर राहते, खाली मऊसूत गर पडतो. त्यात शंभर ग्रॅम किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडी सुंठ, आणि परत पाच मिनिटं गॅसवर.

गूळ मी शाहूपुरीतनंच आणते. शाहू महाराजांनी १८९५ ला वसवलेली पेठ, आजोबाही गुळाची ढेप तिथनंच आणायचे. पिवळाधमक घेत नाही, तांबूस काळपट घेते, त्याला चव असते. वर्षाच्या आतल्या बाळासाठी करणार असाल तर गूळ आणि मीठ दोन्ही अजिबात नको, सफरचंदाची गोडी पुरते.

काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कोरडा चमचा, आठवडाभर राहतो. आमच्यात गरम चपातीवर तूप आणि हा, पोरं दोन चपात्या जास्त खातात. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू झाली की गुळाऐवजी ताजी काकवी घालून बघणार आहे, आजी तसा करायची पण प्रमाण तिनं कधी सांगितलंच नाही, हातानंच ओतायची.