ढाल वर जाईना, तेव्हापासून सुरू झालेला शोध

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा ग्रुप रीएनॅक्टमेंट करतो, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या लढाया त्या काळच्या कपड्यांत आणि शस्त्रांनिशी मैदानात पुन्हा उभ्या करतो. आम्ही रांगेत उभे होतो, समोरून भालेवाले येत होते, मला फक्त ढाल वर घ्यायची होती आणि हात खांद्याच्या वर जाईचना. अंगात गॅम्बेसन होता, म्हणजे कापडाचे बरेच थर एकावर एक ठेवून नाहीतर मधे कापूस-लोकर भरून उभ्या रेघांनी शिवलेला जाड कोट, आणि तो बगलेत असा धरत होता की हात उचलला की अख्खा कोट वर सरकून गळ्याशी यायचा. भाला छातीला टेकला, मी नियमाप्रमाणे पडलो, आणि गवतात उताणं पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात, की ज्याचा खरोखरचा जीव यावर होता तो माणूस असला कोट घालून मैदानात उतरला असता का? शक्यच नाही. त्या लोकांना शिवणकाम येत होतं. म्हणजे माझ्याच कोटात काहीतरी मुळातून चुकलं होतं.

चूक ही होती की मी तो आजच्या जॅकेटच्या हिशोबाने बेतला होता. आजची बाही हात खाली सोडून उभं राहिल्यावर नीट दिसावी अशी कापलेली असते, आणि मी जाड कोट म्हणून बगल अजून सैल ठेवली, वाटलं जागा असली की हात मोकळा राहील. होतं नेमकं उलटं. बगलेतलं कापड जितकं खाली लोंबतं तितका हात उचलताना सगळा कोट सोबत ओढला जातो.

हे मला कळलं ते फ्रान्समधल्या ल्यों शहरात जपून ठेवलेल्या एका कोटामुळे. शार्ल द ब्लुआ म्हणून ब्रिटनीच्या (आजच्या फ्रान्सचा पश्चिम भाग) गादीसाठी लढणारा सरदार होता, १३६४ मध्ये ओरेच्या लढाईत मारला गेला, त्याचा हा कोट असं सांगतात. मी तो फोटोंत आणि अभ्यासकांनी काढलेल्या कटमध्येच, म्हणजे कापड कसं बेतलं त्याच्या आराखड्यातच पाहिलाय, पण तेवढ्यानेही रात्रभर झोप लागली नाही. पुढे ३२ बटणं, कंबरेला घट्ट, आणि बाहीसाठीचं भोक छातीवर आणि पाठीवर पार आतपर्यंत गोल कापलेलं, त्यात बाही कळ्या, म्हणजे कापडाचे त्रिकोणी तुकडे, घालून बसवलेली, बगल मात्र उंच, अंगाला अगदी लागून. मी लगेच एका जुन्या चादरीवर तो कट उतरवला, धावदोऱ्याने जोडला, घातला आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. खालची किनार जागची हलली नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शिंप्याने हा प्रश्न सोडवून ठेवला होता आणि मी मात्र उगाच स्वतःच्या अकलेने कोट कापत बसलो होतो.

अर्थात तो कोट रेशमी जरीचा, सरदाराचा. मी उभा करतो तो साधा पायदळी सैनिक. म्हणून मी नियम केला की कट उसना घ्यायचा, कापड नाही. हा फरक मनात ठेवला नाही ना तर हळूहळू रांगेतला प्रत्येक जण राजपुत्र दिसायला लागतो, आणि मला वाटतं रीएनॅक्टमेंटमधली सगळ्यात मोठी खोट हीच आहे, चुकीच्या तलवारीपेक्षाही मोठी.

आमचा ग्रुप १३६१ च्या आसपासचं पायदळ दाखवतो, आणि हे साल उगाच निवडलेलं नाही. त्या वर्षी २७ जुलैला बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर, डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग याच्या कसलेल्या सैन्यासमोर बेटावरचे शेतकरी उभे राहिले. शहराचे दरवाजे बंद होते. आत सुरक्षित असलेले लोक, आणि बाहेर तटाला लागून ही कत्तल. मेलेल्यांना मोठ्या खड्ड्यांत पुरलं, बऱ्याच जणांना अंगावरच्या चिलखतासकट, बहुधा ऐन उन्हाळा होता आणि प्रेतं सडायला लागली होती म्हणून. चिलखत ही मौल्यवान वस्तू, एरवी कोणी पुरून टाकत नाही, लढाई संपल्याबरोबर काढून घेतात. त्यामुळेच १९०५ पासून जेव्हा ते खड्डे उकरले गेले तेव्हा हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे आणि पत्र्यांचे पंचवीसेक चिलखती कोट मिळाले, शिवाय कड्यांच्या जाळीच्या टोप्या, काहींच्या आत अजून कवटी होती. सांगाड्यांमध्ये कोवळी पोरं होती, म्हातारे होते, आधीपासून लंगडत असतील असेही होते. मी पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा किट वगैरे सगळं विसरून नुसता बघत बसलो. आपण ज्याला पुरावा पुरावा म्हणतो तो हा आहे. तेव्हापासून कुणी म्हणालं की एवढं काय त्यात, लांबून कुणाला दिसतंय, तर मला ते पटत नाही आणि मी तसं सांगतोही.

बरं, आता त्या पत्र्यांच्या कोटाबद्दल, कारण यात सगळे फसतात. लोखंडी पत्रे जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या आतल्या बाजूला रिव्हेटने ठोकलेले असायचे, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर फक्त कापड आणि त्यावर रिव्हेटची डोकी. जुन्या चित्रांत आणि थडग्यांवरच्या पुतळ्यांत हेच दिसतं, आणि ते पाहून नंतरच्या लोकांनी समज करून घेतला की हे नुसतं चामडं आहे, वर शोभेला किंवा संरक्षणाला खिळे मारलेत. तिथून ते खिळेवालं चामड्याचं चिलखत सगळ्या खेळांमध्ये आणि सिरीयलींमध्ये शिरलं. नुसत्या चामड्यात मारलेला खिळा काय अडवणार आहे, सांगा? खिळा म्हणजे फक्त आतल्या पत्र्याला धरून ठेवणारं टोक, खरं काम करणारा पत्रा तर दिसतच नाही. म्हणून मी नव्या मुलांना पहिल्यांदा हेच सांगतो की चित्रात वस्तूचं बाहेरचं रूप असतं, ती बनवली कशी हे नसतं, त्यासाठी जमिनीतून निघालेली वस्तूच बघावी लागते.

चित्रांची अजून एक गंमत म्हणजे, त्या काळचे चित्रकार बायबलमधल्या लढायासुद्धा आपल्याच काळच्या कपड्यांत काढायचे. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत एक चित्रमय बायबल आहे, १२४० च्या दशकात फ्रान्समध्ये रंगवलेलं, त्यात शौल आणि दावीद चक्क तेराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारांसारखे लढतायत, आणि गॅम्बेसन घातलेले पायदळी शिपाई इतके बारकाईने काढलेत की शिवणीच्या रेघा मोजाव्यात. आपल्यासाठी सोनंच आहे हे. पण १३६१ साठी ते शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे! मी सुरुवातीला त्यातलं एक हेल्मेट बघून तसंच बनवून घेणार होतो, ग्रुपमधल्या एका जुन्या मेंबरने शांतपणे विचारलं, तुझा माणूस पणजोबांचं हेल्मेट घालून आलाय का, तर तसं सांग, चालेल, पण माहीत असू दे. (विस्बीच्या खड्ड्यांतही काही चिलखतं त्या काळाला जुनाटच होती, गरीब माणूस मिळेल ते घालतो.) हा प्रश्न मला फार आवडला आणि आता मी प्रत्येक वस्तूला तोच लावतो, की हे कुठलं, कधीचं, कोणाचं, आणि माझ्या माणसाकडे आलं कसं.

गॅम्बेसन गरिबाचं चिलखत होतं का, यावर नेहमी वाद होतात, पण इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११८१ मध्ये काढलेलं शस्त्रांचं फर्मान स्पष्ट आहे. ज्या स्वतंत्र माणसाकडे १६ मार्कांची (मार्क म्हणजे तेव्हाचं पैसे मोजायचं एकक) मालमत्ता त्याने कड्यांचं चिलखत, हेल्मेट, ढाल आणि भाला ठेवायचा, आणि अगदी खालच्या पायरीवरच्या स्वतंत्र माणसांनी गॅम्बेसन, लोखंडी टोपी आणि भाला. म्हणजे कड्यांच्या आत घालायचं अस्तर म्हणून तर तो होताच, पण एकटाही चिलखत म्हणून धरला जायचा. आणि खरंच, लिननचे थर दाबून शिवले की ते किती कडक होतं हे सुई घालताना बोटांना कळतं, माझी दोन बोटं महिनाभर सुजली होती.

कपड्यांकडे मी उशिरा वळलो याचं मला आज वाईट वाटतं. सगळे तसंच करतात, आधी तलवार घेतात, मग हेल्मेट, आणि बूट-विजार सगळ्यात शेवटी. पण माणूस दिवसभर वावरतो तो कपड्यांत, आणि साध्या माणसाचे कपडे टिकतात तरी कुठे, वापरून वापरून त्याची चिंधी होते. जे टिकलेत ते निव्वळ अपघाताने. स्वीडनमध्ये १९३६ साली दलदलीत एका खून झालेल्या माणसाचं शरीर सापडलं, त्याला बोकस्टेनचा माणूस म्हणतात, चौदाव्या शतकातला, शरीरात लाकडी खुंट ठोकून त्याला तिथं खिळवलं होतं. त्याच्या अंगावर लोकरी अंगरखा, झगा, पायमोजे आणि लांबलचक शेपटीची टोपडी, जवळपास पूर्ण पोशाख. वारबर्गच्या म्युझियममध्ये आहे तो. माझी टोपडी त्याच्यावरूनच शिवली आहे. आता गंमत बघा, त्याच्या अंगात आतलं लिननचं काहीच मिळालं नाही, पण त्यावरून त्याने ते घातलंच नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण दलदलीतलं आम्ल लोकर आणि चामडं राखतं आणि झाडाच्या धाग्यापासून केलेलं कापड खाऊन टाकतं. काय सापडलं एवढंच बघून चालत नाही, काय सापडूच शकलं नसतं हेही बघावं लागतं. दुसरा मोठा साठा ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसचा, १९२१ मध्ये गोठलेल्या दफनभूमीतून काढलेला, तिथे शवपेटीऐवजी जुन्या कपड्यांतच गुंडाळून पुरलं होतं. ते कपडे पाहिले की कळ्यांचं काम समजतं, खांद्यापासून सरळ, मग बाजूला आणि पुढे-मागे त्रिकोणी कळ्या घालून घेर वाढवलेला, म्हणजे कापड वाया न घालवता पाय मोकळे.

माझा अंगरखा आता तसाच आहे. लोकर मॅडरच्या मुळांनी रंगवलेली, मंजिष्ठेच्याच कुळातलं झाड आहे ते, विटकरी लाल येतो. मशीनवर आतल्या लांब शिवणी मारल्या तर चालतील असं आमच्यातले काही म्हणतात, मी मारत नाही. हातशिलाईने कापड वेगळं पडतं, थोडं देतं, मशीनची शिवण ताणली की तट्कन तुटते पण हाताची नुसती सैल होते आणि दोन टाक्यांत दुरुस्त होते, मैदानात बसूनसुद्धा.

बूट तर वेगळाच विषय आहे. त्या काळचा बूट उलटा शिवून मग सुलट करायचे, तळाला एकच चामड्याचा थर, टाच नाही. ओल्या गवतावर पहिल्या दिवशी मी चार वेळा घसरलो. मग लक्षात आलं की आपण टाच आपटत चालतो, या बुटात पुढचा पाय आधी टेकवून, छोटी पावलं टाकत चालावं लागतं, आणि तसं चाललं की रांगही आपोआप एकसंध राहते. हे कुठल्याही चित्रात दिसत नाही, बुटानेच शिकवलं.

तडजोडी आहेत, त्या लपवायच्या नाहीत. तलवारीची धार गोल आणि जाड, टोक बोथट, चेहऱ्यावर भोसकणं बंद. विस्बीच्या हाडांवर पाय तोडणारे घाव किती तरी आहेत, आम्ही तसं मारूच शकत नाही, मारायचंही नाही. हेल्मेटच्या आत मी थोडा जास्त कपडा भरलाय. चष्मा काढून लेन्स लावतो, कारण चष्मा तेव्हा होता खरा, इटलीत त्रेवीझोच्या १३५२ सालच्या एका भित्तिचित्रात म्हातारा धर्मगुरू नाकावर चष्मा ठेवून लिहितोय, पण कानावर अडकवायच्या काड्या त्याला नाहीत आणि भालेवाल्या शेतकऱ्याच्या नाकावर तो येणार कुठून. कड्यांची टोपी मी पहिल्यांदा नुसत्या जुळवलेल्या कड्यांची घेतली होती, रिव्हेट नसलेली, एका सरावात भाल्याच्या बोथट टोकानेच सात कड्या उघडल्या. ती आता खुंटीला आहे. नवी रिव्हेटची आहे आणि तिचं वजन मानेवर वेगळं जाणवतं.

नव्या गॅम्बेसनचं काम सध्या चालू आहे. उजवी बाही लागली, घालून पाहिली, हात पूर्ण वर जातो. डावीची दुसरी कळी आज रात्री बसवणार आहे. ढाल डाव्या हातात असते, म्हणून ती घाईत करायची नाही.