अ‍ॅम्प्लिफायरचे हमिंग आणि 100 ओहमचा एक रेझिस्टर

मार्शलच्या जेसीएम 800 मालिकेतील 2204 या 50 वॉटच्या मॉडेलचा आराखडा समोर ठेवून मी घरी बांधलेला गिटारचा ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर बरीच वर्षे निमूटपणे वाजत होता. एका संध्याकाळी त्यातील ईएल 34 या स्पीकरला शक्ती देणाऱ्या दोन ट्यूबपैकी एकीत ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. ट्यूब व फ्यूज बदलल्यावर आवाज परत आला, पण त्याच्यासोबत इतके हमिंग (सततची घरघर) आले की गेन (संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारे बटण) निम्म्यावर नेला तरी गिटार त्याखाली दबून जाई.

गिटारची केबल काढली तरी हमिंग तसेच राहिले, त्यामुळे पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) आणि केबल निर्दोष ठरले. यापुढे मी जे केले ते करायला नको होते: हमिंग म्हणजे फिल्टर कपॅसिटर (दाबातले चढउतार सपाट करणारे घटक) सुकले, हे ऐकीव सूत्र प्रमाण मानून मी 50 अधिक 50 मायक्रोफॅरडचे महागडे कपॅसिटर बदलले आणि काडीचाही फरक पडला नाही. खरे तर आधी कानांना विचारायला हवे होते. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे रेक्टिफायरनंतर (एसीचे डीसी झाल्यावर) उरणारा रिपल, म्हणजे दाबातला चढउतार, 100 हर्ट्झचा असतो, आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर 98 हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ तोच. (अमेरिकी लेखांतले 60 आणि 120 हे आकडे इथे उपयोगाचे नाहीत.) माझे हमिंग त्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली होते, मोबाइलवरील स्पेक्ट्रम अ‍ॅपनेही 50 हर्ट्झच दाखवले. दोष फिल्टरचा नव्हताच.

गिटारचा क्षीण संकेत प्रथम वाढवणारी पहिली ईसीसी 83 ट्यूब काढली की अ‍ॅम्प शांत होई, तिच्या जागी नवी बसवली की हमिंग पुन्हा हजर. तिच्या पहिल्या ग्रिडला (संकेत आत घेणाऱ्या टोकाला) तात्पुरते ग्राउंडशी जोडले, तरीही ते हटेना. याचा अर्थ गडबड ग्रिडच्या वायरमधून नव्हे, तर हीटरकडून (ट्यूब तापवणाऱ्या तारेकडून) कॅथोडमार्गे (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागातून) आत शिरत होती. या सर्किटमध्ये पहिल्या ट्यूबच्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या कॅथोडला 10 किलोओहमचा रेझिस्टर असून त्यावर एसी प्रवाहाला ग्राउंडकडे वाट देणारा बायपास कपॅसिटर नाही, त्यामुळे हीटरमधून गळणाऱ्या प्रवाहाला तेथे मोकळे रान मिळते, आणि पुढच्या टप्प्यांचा गेन त्या क्षुल्लक गळतीचा डोंगर करतो.

माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या 6.3 व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेले टोक) नसल्याने दोन्ही हीटर वायर 100 ओहमच्या एकेका रेझिस्टरने ग्राउंडला जोडलेल्या आहेत. वीज बंद करून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून आणि ते रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करून (बंद अ‍ॅम्पमध्येही 400 व्होल्टहून अधिक दाब टिकून राहू शकतो, येथे घाई जिवावर बेतते) मी हीटर वायर ते ग्राउंड असा रोध मोजला. वाइंडिंगचा स्वतःचा रोध नगण्य असल्याने दोन्ही रेझिस्टर समांतर येऊन 50 ओहम दिसायला हवेत. मीटर 100 दाखवत होता. एक रेझिस्टर आतून जळून तुटला होता, आणि वरून त्याच्यावर डागही नव्हता.

मग उलगडा झाला. ईएल 34 च्या सॉकेटवर अ‍ॅनोडची (उच्च दाबाच्या टोकाची) 3 क्रमांकाची पिन हीटरच्या 2 क्रमांकाच्या पिनेला लागून असते. त्या संध्याकाळी उच्च दाब तेथून हीटरच्या वायरवर उडाला आणि ग्राउंडकडे जाताना त्या रेझिस्टरचा बळी घेऊन गेला. परिणामी एका वायरवर जवळजवळ शून्य आणि दुसरीवर पूर्ण 6.3 व्होल्ट, असा तोल बिघडला. एरवी दोन्हींवर विरुद्ध कलेचे (एक वर जाताना दुसरे खाली) 3.15 व्होल्ट असतात आणि पीळ दिलेल्या वायरींचे परिणाम एकमेकांना खोडतात.

दोन्ही रेझिस्टर बदलले. सोबत मुख्य दाबातून विभाजकाने (दाब वाटून देणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीने) सुमारे 40 व्होल्ट घेऊन त्यांचे टोक ग्राउंडऐवजी तेथे जोडले, जेणेकरून हीटर कॅथोडपेक्षा धन राहील आणि गळती आणखी घटेल. आता फक्त किंचित 100 हर्ट्झ ऐकू येते. नवी आणि जुनी ईएल 34 एकसारखी मोजमापे असलेल्या जोडीतल्या नसल्याने रिपल पूर्ण खोडला जात नाही, हे त्याचे कारण असावे. मॅच केलेली जोडी मागवली आहे.