वीज आली की सर्व्हर अडकायचा

मे महिन्यात नागपुरात दुपारी वीज जाणं काही नवीन नाही. पारा ४५ अंशांवर, घरोघरी कूलर सुरू, आणि मधेच लाईट जाते. धरमपेठेतल्या ज्या ऑफिसात आम्ही बनवलेला फाइल सर्व्हर लावला होता, तिथे नकाशे डिजिटाइझ करायचं काम चालतं. ४० लिनक्स मशीन, सगळ्यांचे नकाशे एकाच सर्व्हरवर. सर्व्हरला यूपीएस होता, टेबलांवरच्या मशीनना नव्हता. वीज आली, मशीन सुरू झाल्या, की तिथल्या सुपरवायझर दादांचा फोन यायचा, "भाऊ, नकाशा उघडूनच नाही राहिला."

दर वेळी नाही, म्हणूनच पंचाईत. सर्व्हरला पिंग जायचं, फाइल कॉपी व्हायची, सीपीयू जवळजवळ शून्य. फक्त नकाशा उघडायला गेलं की प्रोग्राम गोठायचा, आणि त्या मशीनच्या लॉगमध्ये 'लॉकडी: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' अशी ओळ दिसायची. त्यांचे नकाशे जिओपॅकेज स्वरूपात, म्हणजे आतून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइली. एसक्यूलाइट वाचायच्या आधीसुद्धा लॉक मागते, म्हणजे ही फाइल मी वापरतोय अशी नोंद. नेटवर्कवरून फाइली वापरायची आमची पद्धत एनएफएस; तिच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉकचा कारभार वाचण्या-लिहिण्यापासून वेगळा, एनएलएम नावाच्या दुसऱ्याच प्रोटोकॉलवर चालतो. वाचन चालू आणि लॉक बंद, हे त्यामुळेच.

सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळं सुरळीत. त्यांची ४० माणसं खोळंबून बसलेली, त्यामुळे रीस्टार्टची घाई मला समजत होती. पण तीन वेळा असं झाल्यावर मी दादांना कळकळीने विनंती केली, "पुढच्या वेळी रीस्टार्टच्या आधी मला फक्त पाच मिनिटं द्या." अडकलेली प्रोसेस हाच आमच्याकडचा एकमेव पुरावा होता आणि आम्ही तो दर वेळी पुसून टाकत होतो. त्यांनी ऐकलं. चौथ्या वेळी मी लॉगिन करून जीकोअर या साधनाने प्रोसेसच्या मेमरीची पूर्ण प्रत काढली आणि मगच रीस्टार्ट केलं.

त्या रात्री जीडीबी या डीबगरमध्ये ती प्रत उघडून सगळ्या थ्रेडचे, म्हणजे प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांचे, बॅकट्रेस काढले: कोण कोडमध्ये कुठे थांबलाय ते. लॉक सर्व्हिसचे १६ थ्रेड, सोळाही म्यूटेक्सवर थांबलेले, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या प्रोग्राममधल्या कुलपावर. एवढ्यावरून काहीच कळत नाही. खरी किल्ली म्यूटेक्सच्या पोटात असते: ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी तिथे सध्याच्या मालक थ्रेडचा क्रमांक लिहून ठेवते. तो क्रमांक जीडीबीने दाखवलेल्या एलडब्ल्यूपी, म्हणजे थ्रेडच्या, क्रमांकाशी जुळवायचा. एकेक करून वहीत बाण काढत गेलो. १४ बाण सरळ रांगेत, कुणाच्या तरी मागे. उरले दोन. थ्रेड ७ ज्या म्यूटेक्ससाठी थांबला होता तो ११ कडे, आणि ११ ला हवा होता तो ७ कडे. रात्रीचा दीड वाजला होता. त्या दोन बाणांकडे मी बराच वेळ बघत बसलो.

झालं होतं असं. क्लायंट, म्हणजे टेबलावरची मशीन, रीबूट होऊन आली की तिच्यावरचा स्टॅटडी नावाचा प्रोग्राम सर्व्हरला कळवतो, मी पडून उठलो आहे. मग सर्व्हर तिचे जुने लॉक सोडवतो. थ्रेड ११ तेच करत होता: आधी क्लायंटचा म्यूटेक्स, मग त्याच्या एकेका फाइलचा. त्याच क्षणी दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी तोच नकाशा मागितला. थ्रेड ७ ने फाइलचा म्यूटेक्स घेतला, जुना लॉक कुणाचा आहे ते पाहिलं आणि तो क्लायंट जिवंत आहे का हे तपासायला क्लायंटचा म्यूटेक्स मागितला. दोघांचा क्रम उलटा. एरवी हे दोन क्षण एकमेकांना गाठत नाहीत. ४० मशीन एकदम उठल्या की गाठतात.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली डेडलॉकच्या, म्हणजे अशा कायमच्या अडकण्याच्या, ज्या चार अटी मांडल्या, त्यातली शेवटची म्हणजे एकमेकांची वाट पाहण्याचं चक्र. ते तोडायचं ठरवलं: सगळीकडे आधी फाइल, मग क्लायंट. टाइमआउट लावून बघू, म्हणजे ठरावीक वेळाने वाट पाहणं सोडून देऊ, असंही सुचवलं गेलं. मला ते पटलं नाही; अर्धवट सोडवलेले लॉक हे अडकलेल्या सर्व्हरपेक्षा वाईट.

सोडवणारा थ्रेड आता क्लायंटच्या फाइलींची यादी उतरवून घेतो, प्रत्येक फाइलचा रेफरन्स काउंट वाढवतो (म्हणजे तिची नोंद मधेच पुसली जात नाही), क्लायंटचा म्यूटेक्स सोडतो आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेक फाइल घेतो. यातली खोच आमच्या टीममधल्या ताईंनी दाखवली. म्यूटेक्स सोडल्यापासून परत घेईपर्यंतच्या फटीत त्याच मशीनने नवा लॉक घेतला असेल तर? तो सोडवला तर दोन माणसं एकाच नकाशात लिहितील. सुदैवाने प्रत्येक लॉकच्या मागणीसोबत क्लायंटचा स्टेट क्रमांक येतो आणि तो दर रीबूटला वाढतो. तो लॉकपाशी नोंदवला आणि जुन्या क्रमांकाचेच लॉक सोडवायचे, असं केलं.

तपासायला जुन्या कोडमध्ये दोन म्यूटेक्सच्या मधे थोडी झोप घातली; पहिल्याच मिनिटात सर्व्हर अडकला. नव्या कोडमध्येही तशीच झोप घालून रात्रभर चालवला. थ्रेडसॅनिटायझर हा तपासणी करणारा प्रोग्रामही लावला, कारण डेडलॉक प्रत्यक्ष न होताही तो उलटा क्रम पकडतो. त्याने आणखी एक जागा दाखवली, शेअर, म्हणजे सर्वांसाठी खुला केलेला फोल्डर, बंद करण्याच्या कोडमधली. तीही सरळ केली.

जूनच्या पहिल्या वादळात धरमपेठेतली लाईट गेली. मी लॉग उघडून बसलो. वीस मिनिटांनी रीबूटच्या सूचना धडाधड यायला लागल्या, प्रत्येकीखाली सोडवलेल्या लॉकची ओळ. फोन मीच लावला. दादा म्हणाले, "सुरू आहे नं भाऊ, कामच करून राहिलो."