‘दिसलं का?’: 60 इलेक्ट्रोड आणि माझा उतावळेपणा

अंध डोळ्याला थोडं दिसावं म्हणून आत विजेची पट्टी बसवतात, त्या ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी भुलीत होतो, टाके वेळेत बरे झाले, संपलं. भेटणारा प्रत्येक जण त्याचीच चौकशी करतो. माझा जीव खाल्ला तो नंतरच्या खुर्चीने.

‘सेटिंगला या,’ एवढंच फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर काढतात तसं तासाभराचं काम असेल. ते महिनोन्‌महिने पुरलं, आणि हे आधी कोणी बोललं नाही याचा राग अजून गेलेला नाही. सही घेताना मात्र कागदांचा गठ्ठा वाचून दाखवायला माणूस होता.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं गेलं, मग कडेचं, शेवटी मधलंही. दिवा लागलाय की नाही, एवढंच उरलं. या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिना) उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी बऱ्याच शिल्लक राहतात. त्यांनाच वीज देऊन जागं करायचं. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला डबा, तिथून बिनतारी संदेश डोळ्यात, आणि पडद्यावर टाचलेली 6 बाय 10 अशी 60 इलेक्ट्रोडची, म्हणजे वीज सोडणाऱ्या बारीक टोकांची, पट्टी. कल्पना जुनीच. 1755 मध्ये शार्ल ल रॉय या फ्रेंच वैद्याने एका अंध माणसाच्या डोक्याला तार गुंडाळून लायडन जारमधली (वीज साठवायची काचेची बरणी) वीज सोडली, तेव्हा त्याला ज्वाळा दिसल्या. खुर्चीत बसून मला त्याचा हेवा वाटायचा. एका झटक्यात सुटला!

आमचं काम असं: एक इलेक्ट्रोड निवडायचा, टिंग वाजणार, विजेचा छोटा ठोका जाणार, सेटिंग करणाऱ्या मॅडम विचारणार, “दिसलं का?” हो किंवा नाही. वीज थोडी कमी, पुन्हा टिंग. किती विजेला ठिपका जेमतेम उमटतो, ते प्रत्येक इलेक्ट्रोडचं वेगळं काढावं लागतं, कारण पट्टी पडद्याला सगळीकडे सारखी टेकत नाही; जिथे फट जास्त, तिथे वीज जास्त. वाढवायलाही मर्यादा. ठोक्याचे दोन भाग असतात, एक उलटा, एक सुलटा, म्हणजे विद्युतभार आत साठून राहत नाही. साठला तर पेशी आणि धातू दोन्ही खराब होतात. मर्यादेपर्यंत जाऊनही काही इलेक्ट्रोड गप्पच राहिले. ते बंद केले. त्या दिवशी मी घरी जाताना कोणाशी बोललो नाही.

आता माझी चूक. चौथ्या की पाचव्या खेपेला मी भराभर ‘हो’ म्हणत होतो. काळ्याकुट्ट अंधारात टक लावून बसलं की काहीतरी लुकलुकतंच, आणि मला तर दिसायलाच हवं होतं. टिंग. “दिसलं का?” “हो, डावीकडे, पिवळसर.” जरा शांतता. मग मॅडम म्हणाल्या, “आत्ता मी वीज सोडलीच नव्हती.”

मधूनमधून अशा रिकाम्या पाळ्या घालतात म्हणे, माणूस अंदाज तर मारत नाही ना हे बघायला. कान गरम झाले माझे. माझ्या खोट्या होकारांमुळे त्या दिवसाचे आकडे खाली आले होते. त्यावर सेटिंग केलं असतं तर खरं चित्र उमटलंच नसतं. सगळं पहिल्यापासून! म्हणून सांगतो, शंका असेल तर सरळ ‘नाही’ म्हणा. आणि सकाळची वेळ मागून घ्या. दमल्यावर होकार-नकार दोन्ही बेभरवशाचे होतात. आदल्या रात्री डब्याची बॅटरी चार्ज करा. एकदा मी विसरलो आणि पूर्ण फेरी फुकट गेली.

ठिपका ठिपक्यासारखाच असेल असंही धरून चालू नका. मला काही ठिकाणी वाकडी रेघ दिसते, कारण वीज जवळून जाणाऱ्या चेतातंतूंनाही लागते आणि मेंदूला वाटतं सगळा तंतूच उजळलाय. डोळे फिरवून उपयोग नाही. कॅमेरा कपाळाबरोबर फिरतो, तेव्हा मान फिरवायची. ही सवय लागायला मला सेटिंगपेक्षा कमी वेळ लागला. हे मुद्दाम नोंदवतो.

चेहरे दिसत नाहीत. पांढऱ्या भिंतीतलं गडद दार सापडतं. परवा दवाखान्याच्या बोळात ताई मुद्दाम न बोलता माझ्यासमोरून गेली. उजवीकडे काहीतरी मिणमिणत सरकलं.

“गेलीस ना आत्ता?” मी विचारलं.

“गेले,” ती म्हणाली, “पण रिकामी पाळी असती तर?”