जागं होतं, पण हाताला येत नाही

आज पुन्हा तेच. झोपवून ठेवलेल्या हातातल्या गेमयंत्राचं पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीन उजळला, गेमचं संगीत थांबलं होतं तिथून सुरू झालं, आणि स्टिक कितीही ढकलली तरी तो गडी पुलावरून हलेना. स्क्रीनला बोट लावलं की मेनू उघडतो. आवाजाची बटणं चालतात. मेलंय ते फक्त दोन्ही अंगठ्यांखालचं, म्हणजे ज्याच्यासाठी हे यंत्र घेतलं नेमकं तेच.

रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत होतं, माहीत आहे मला. पण मग शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं, आणि डाचतंय ते हेच. माझा वेळ मुळात तुकड्यातुकड्याने येतो. आईने हाक मारली की बटण दाबायचं, उठायचं, आणि परत आल्यावर होते तिथेच असायचं, एवढीच तर अपेक्षा होती. दिवसभरात एक तरी गोष्ट अशी असावी की जी सोडली तिथे सापडेल. तीही माझ्या वाट्याला येऊ नये? दादाशी काल जे बोलणं झालं त्याचं आज लिहीत नाही. ते राहू दे.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, यंत्राच्या आत शिरले आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचत बसले. या यंत्रात झोपेचा एकच प्रकार आहे, एसटूआयडल. जुन्या लॅपटॉपांत ‘डीप’ असायचं. त्यात रॅम जिवंत ठेवून बाकी बहुतेक सगळ्याची वीज तोडायचं काम फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, सांभाळायचं. एसटूआयडलमध्ये प्रोसेसर नुसता स्वस्थ पडून राहतो, आणि प्रत्येक उपकरणाला निजवायची-उठवायची जबाबदारी ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर. एकाने जरी कुचराई केली तरी आपण भोगायचं.

जाग येतानाच्या ओळी स्पष्ट होत्या. यूएसबी रीसेट. डिस्क्रिप्टर, म्हणजे उपकरणाची ओळख, वाचताना एरर -७१. पुन्हा -७१. डिस्कनेक्ट. आणि त्याच्या खालोखाल, नवीन फुल-स्पीड यूएसबी उपकरण सापडलं.

त्या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ अडकले. म्हणजे आत यूएसबीने जोडलेला कंट्रोलर, ज्यावर स्टिक आणि बटणं चालतात तो, उठला होता! -७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर. कर्नलने विचारपूस केली तेव्हा आतला मायक्रोकंट्रोलर, ती छोटी चिप, नीट उत्तर द्यायच्या अवस्थेतच नव्हता. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, पण तोवर त्याची जुनी नोंद पुसली गेली होती आणि कर्नलच्या लेखी हा कुणीतरी नवा होता. काही गेम असा नवा कंट्रोलर आपणहून उचलतात. हा उचलत नाही. त्याने उघडून धरलेली इनपुटची जुनी फाइल, जिच्यातून बटणांची खबर येते, ती वाचायला गेलं की ‘असं उपकरण नाही’ एवढंच उत्तर येतं. इव्हटेस्ट हे इनपुट तपासायचं साधन लावून बटणं दाबली, तर एकूण एक बटणाची नोंद खाली उमटत होती. पोरगं वर्गात हजर आहे, हात वर करून ओरडतंय, आणि मास्तर हजेरीपटावरचं जुनंच नाव पुकारतायत.

हे दिसलं आणि सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. डाचणं मात्र पुरतं गेलं नाही. काही हरवलं नव्हतं म्हणून बरं वाटावं, की इतक्या जवळ असून हाताला लागत नव्हतं म्हणून जास्तच वाईट वाटावं? अजून ठरत नाहीये.

मग कामाला लागले. झोपण्याआधी कंट्रोलरच्या यूएसबी नोंदीतल्या ‘ऑथराइज्ड’मध्ये, म्हणजे परवानगीच्या खुणेत, ० लिहायचा, आणि जाग आल्यावर २ सेकंद थांबून १. म्हणजे तो तयार होईपर्यंत कर्नल त्याला ड्रायव्हर जोडतच नाही. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा चालवणारी व्यवस्था, तिच्या सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाकली की तिला झोपेआधी ‘प्री’ आणि नंतर ‘पोस्ट’ असं कळवलं जातं. पण ते फोल्डर ज्यात असतं ते ‘यूएसआर’ या सिस्टिमवर फक्त वाचता येतं, म्हणून तेच काम ‘ईटीसी’मध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये, सर्व्हिस लिहून करून घेतलं. एवढ्याने भागत नाही, कारण अशा रीतीने परत आलेला कंट्रोलरही नवाच ठरतो. म्हणून गेमसमोर खरा कंट्रोलर ठेवायचाच नाही. यूइनपुट या कर्नलच्या सोयीवर बनवलेला, नुसता सॉफ्टवेअरमधला एक आभासी कंट्रोलर मधे कायम उभा करायचा. मागचा खरा येवो-जावो, गेमने धरलेली फाइल जिवंत राहते. त्याच हाताने कंट्रोलरचं ‘वेकअप’ही, म्हणजे यंत्राला जागं करायची मुभाही, डिसेबल केलं, कारण पिशवीत बटण दाबलं जाऊन यंत्र परस्पर उठायचं आणि हातात घ्यावं तर तापलेलं, बॅटरी तळाला.

२ सेकंदांचा १ करून पाहिला. एरवी चालतं, पण मधूनच -७१ डोकं वर काढतो. २ च बरे. जाग आल्यावर क्षणभर तो गडी माझं ऐकणार नाही, हे मी मान्य करून टाकलंय. मलाही हाक मारल्याबरोबर कुठे उठवतं?

ही डागडुजीच आहे. खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये व्हायला हवी. लॉगच्या ओळी, कर्नलची आवृत्ती, आणि थोडं थांबलं की कंट्रोलर बिनचूक येतो हे निरीक्षण, असं सगळं एका फाइलीत उतरवून ठेवलंय. बग नोंदवायचा आहे. त्याआधी नवा कर्नल लावून, सर्व्हिस बंद ठेवून एकदा बघायला हवं, कारण पहिला प्रश्न तोच विचारतील.